बाभळीची जोडी आणि चांदीची गदा: क्रीडा संग्रहालयाच्या कामाच्या नोंदी

३ जून

जागा ताब्यात आली. जुन्या शाळेचे दोन वर्ग आणि मधला व्हरांडा, वर कौलं. मोठा वर्ग २४ बाय १८ फूट, धाकटा १२ बाय १८. पश्चिमेच्या तीन खिडक्यांतून दुपारी चारनंतर सरळ भिंतीवर ऊन येतं. आधी तेच थांबवायचं. कागद, कापड आणि जुने फोटो यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. उडालेला रंग कुठल्याही उपायानं परत येत नाही. मांजरपाटाचे दुहेरी पडदे शिवायला टाकले.

विषय नक्की झाला: आपल्या मातीतले खेळ. कुस्तीला मोठा वर्ग, मल्लखांबाला व्हरांडा, धाकट्या वर्गात कबड्डी आणि खो-खो, आणि तिथलीच एक भिंत क्रिकेटला. समितीनं जमवलेल्या यादीत ४१ वस्तू आहेत आणि त्यांतल्या २९ ढाली, चषक, करंडक. यादी वाचून मन खट्टू झालं. चषक कोण जिंकलं ते सांगतो. कसं खेळलं, कुणी शिकवलं, किती वर्षं अंग मोडलं, हे त्यातून कळत नाही. यादी वाढवायची, पण चषकांची नाही.

९ जून

पहिली देणगी आली: चांदीची गदा. आतून लाकडी, वर चांदीचा पत्रा. गावातल्या एका पैलवानाच्या सूनबाई स्वतः रिक्षातून मांडीवर घेऊन आल्या. आदल्या रात्री बसून त्यांनी ती चिंच आणि राख लावून घासली होती, आरशासारखी. "मामंजी असते तर दसऱ्याला अशीच घासून घेतली असती," म्हणाल्या.

त्या गेल्यावर बॅटरीचा उजेड तिरपा टाकून गदा फिरवून पाहिली. मुठीजवळ कोरलेला मजकूर आहे. 'कुस्ती मैदान' एवढं लागतं, पुढे '१९' आणि मग सपाट. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि घासून काळेपणा काढताना दर वेळी चांदीचाही पातळसा थर जातो. साठेक दसऱ्यांत साल गेलं, गावाचं नाव गेलं. घरचे म्हणतात १९६२. असेलही. पण पाटीवर मी तसं लिहिणार नाही. पाटीवर येईल: 'चांदीचा पत्रा चढवलेली गदा. मानकऱ्याच्या घरातून. कुटुंबाच्या सांगण्यानुसार १९६२.' 'सांगण्यानुसार' हा शब्द ठेवायचाच.

यापुढे कुणी वस्तू द्यायचं कबूल केलं की त्याच फोनवर सांगायचं: आहे तशी द्या, पुसू नका, धुऊ नका, तेल लावू नका. हे आधीच सांगायला हवं होतं. ही चूक माझी.

१४ जून

तालमीत गेले. पहाटे साडेपाच. दाराशी चपला काढल्या आणि हौद्याच्या कडेला, वस्तादांनी दाखवलेल्या जागी बसले. माती नुकतीच खणून वर-खाली केली होती. लाल माती, तीत काव, हळद, लिंबू, ताक, तेल आणि कापूर. पावसाळी हवेत तो वास जड होऊन खाली बसतो. अकरा पोरं जोर मारत होती. एकालाही माझ्याकडे बघायला फुरसत नव्हती, आणि ते बरंच झालं.

कोपऱ्यात खुंटीला टेकून बाभळीची जोडी उभी होती, म्हणजे व्यायामात दोन हातांनी फिरवायचे दोन जड लाकडी मुद्गल. मला ती बघताक्षणी कळली. इथल्या सगळ्या वस्तूंत हीच. काट्याला लावून वजन केलं: एक ११.४ किलो, दुसरी १०.९. दोन्ही एकाच ओंडक्यातल्या, पण डावीला केव्हातरी चीर गेली असावी. तिथलं लाकूड तासून तांब्याची पट्टी ठोकली आहे, म्हणून ती हलकी. मूठ खरी बघण्यासारखी. लाकूड इतकं झिजलंय की बोटांची जागा वेगवेगळी कळते. उजवीच्या मुठीवर अंगठ्याखाली खोलगट वाटी झाली आहे. करंगळीच्या जागी मात्र काठ तसाच उभा. म्हणजे फिरवताना जोर कुठे जातो हे तिथे बोट ठेवलं की समजतं. मी ठेवून पाहिलं. माझा हात लहान, तरी अंगठा आपोआप त्या वाटीत गेला.

संग्रहालयासाठी मागितली. वस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "ताई, काचंत ठिवून काय करणार? फिरवायची हाय ती. आमच्या वस्तादांच्या वस्तादांनी घडवून आणली. रोज सकाळी पोरं फिरवत्यात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो काढू द्या म्हटलं. ते काढू दिले, एक वगळून. हौद्यातल्या मारुतीचा नको म्हणाले. नाही काढला.

२० जून

नोंदवही सुरू. प्रत्येक वस्तूला क्रमांक: वर्ष, देणगीचा अनुक्रम, मग वस्तूचा. लाकूड आणि धातूवर आधी पारदर्शक लाखेचा एक हात, तो वाळल्यावर शाईनं क्रमांक, वर पुन्हा लाखेचा हात. पुढेमागे काढायचा झाला तर मूळ पृष्ठभागाला धक्का न लागता निघतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून दोन टाक्यांनी शिवायचा. क्रमांक दिसणार नाही अशा जागी, पण सापडेल अशा.

देणगीपत्राचा नमुना वकिलांकडून आला. देणगी वेगळी, उसनी वस्तू वेगळी, दोन्हींचे कागद निराळे. पुष्कळ घरांत वस्तू दिली की विसर पडतो आणि नातू मोठा झाल्यावर भांडण येतं. उसनवारीच्या कागदावर परतीची तारीख असलीच पाहिजे.

२८ जून

रात्रभर पाऊस. धाकट्या वर्गात दोन कौलं सरकली आणि थेंब नेमके तालमीतून आणलेल्या हजेरीच्या वह्यांवर. सहा वह्यांतल्या चार भिजल्या. सकाळी साडेसातला पोचले तेव्हा वरच्या वहीचा पुठ्ठा फुगून कमानीसारखा झाला होता.

पंखा लावला, पण वाऱ्याचा झोत पानांवर थेट येऊ दिला नाही. पानं एकेक सोडवायची घाई केली नाही, ओलं पान ओढलं की फाटतं. दर दहाबारा पानांनंतर टीपकागद, तासातासानं बदलला. दिवसात चाळीसेक टीपकागद लागले. दोन मुली मदतीला आल्या. एकीनं वर्तमानपत्रं आणली होती, ती बाजूला ठेवली. त्या कागदात आम्ल असतं आणि छपाईची शाई उमटते.

शाईचं लिखाण बरंचसं टिकलं. त्या काळच्या जांभळ्या पेन्सिलीचं मात्र नाही. कोरडी असताना राखाडी दिसते, पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. नऊ पानं जांभळी. वाचता येतील तेवढे शब्द आजच उतरवून घेतले, उद्यावर ठेवले नाहीत.

६ जुलै

वह्या वाळल्या. पानं लहरी झाली आहेत, पण वाचता येतात. यात काय आहे? नाव, जोर, बैठका. १९५८ च्या श्रावणातल्या एका पानावर एका पोरापुढे 'जोर ३००, बैठका ७००' आणि शेजारी वेगळ्या हातात 'पुरे'. वस्तादांचा हात असावा. मागच्या पानांवर पाळी: हौदा कुणी खणायचा, पाणी कुणी मारायचं, तुरटी कुणी आणायची. गदा जिंकलेल्या त्याच पैलवानाचं नाव हौदा खणणाऱ्यांत सापडलं, सलग चार महिने.

हे पान गदेशेजारी ठेवणार. काचेखाली मूळ पान कायम नको. तीन महिने मूळ, मग प्रत. समितीत एकानं वह्या लॅमिनेट करून घ्या म्हणून सुचवलं. नम्रपणे, पण ठाम नाही म्हटलं. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद गुदमरतो.

१९ जुलै

खाशाबा जाधवांची भिंत. आठवडाभर हाच मजकूर लिहिते आहे.

त्यांची एकही वस्तू आपल्याकडे नाही आणि येणारही नाही. पदकाची नक्कल करून लावावी असा आग्रह झाला. मला ते पटत नाही. नक्कल काचेत गेली की दोन वर्षांत ती खरी म्हणून सांगितली जाते. त्यापेक्षा माहिती नीट द्यावी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीचं, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवचं.

हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावानं वर्गणी काढली, आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं. पदकापेक्षा हा व्यवहार मोठ्या अक्षरांत लिहायचा ठरवलं. शाळेतल्या पोरांना कळू दे, की जाण्याचे पैसे कुणीतरी आपल्या छपरावर काढले होते.

आणि केशव मानगावे. त्याच हेलसिंकीत फेदरवेटला चौथे. पदक एका पायरीनं हुकलं आणि नावही जवळजवळ पुसलं गेलं. दोघांची नावं एकाच पाटीवर, एकाच मापाच्या अक्षरांत.

अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर मिळाला. १९८४ ला ते अपघातात गेले. या दोन वाक्यांत मी एकही विशेषण घातलं नाही. तीनदा घातलं आणि तीनदा खोडलं.

२ ऑगस्ट

मल्लखांब आला. एका शाळेनं बदलून टाकलेला जुना पुरलेला खांब, सागाचा, बुंध्याला जाड आणि बोंडाखाली मानेशी निमुळता. चौघांनी उचलून व्हरांड्यात आडवा ठेवला. वरचा सगळा भाग एरंडेलानं काळा, गुळगुळीत, एकही भोक नाही. वर्षानुवर्षं तेल पाजल्यामुळे तिथे किडीला थारा मिळालेला नाही. जमिनीत पुरलेला बुंधा मात्र वाळवीनं जाळीदार करून टाकलाय, बोट घातलं की भुसा. एकाच लाकडाची ही दोन टोकं.

बुंधा नवा जोडून उभा करा, असं पुष्कळांचं मत. मी आडवाच ठेवणार, पाहणाऱ्याला दोन्ही टोकं दिसतील असा. व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूला शाळेचा नवा खांब उभा राहील आणि शनिवारी मुलं त्यावर सराव करतील.

मजकुरात: बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. पुरलेला, टांगता, दोरीचा असे तीन प्रकार. कुस्तीगिराच्या पकडीचा सराव म्हणून आलेला खांब, मग स्वतःच खेळ झाला. एवढं पुरे.

११ ऑगस्ट

आर्द्रता ७८ टक्के. दिवसातून दोनदा मोजते. ५० च्या आसपास ठेवणं या इमारतीत पावसाळ्यात शक्य नाही, पण चढउतार कमी ठेवणं शक्य आहे. पेट्यांत सिलिका जेल, पेट्या भिंतीपासून चार इंच दूर. बाहेरची हवा जास्त दमट असेल त्या दिवशी खिडक्या बंद.

कबड्डीच्या पाट्या पूर्ण. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू करून दाखवला, तिथपासून १९९० च्या बीजिंग एशियाडपर्यंत. खो-खोचा आराखडा जमिनीवरच रंगवला: दोन खांब, मधला पट्टा, आठ चौकोन. मुलं वाचण्याआधी बसून पाहतील.

२४ ऑगस्ट

क्रिकेटची भिंत. बाळू पालवणकर.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता जाळ्यात गोलंदाजी टाकायला लागला. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण चहाच्या वेळेला त्याला मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. चर्मकार समाजातला म्हणून. १९२३ ला त्याचाच धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला.

पहिल्या मसुद्यात मी 'त्या काळच्या सामाजिक परिस्थितीमुळे' असं लिहिलं होतं. रात्री पुन्हा वाचलं आणि लाज वाटली. परिस्थिती चहा ओतत नाही, माणसं ओततात. आता वाक्य असं आहे: 'त्याच्याच संघातल्या खेळाडूंनी त्याला वेगळ्या भांड्यात चहा दिला.' समितीत यावर दीड तास बोलणं झालं. एक ज्येष्ठ सदस्य शेवटपर्यंत नाराज राहिले, पण त्यांनीही हे खोटं आहे असं म्हटलं नाही. वाक्य राहिलं.

७ सप्टेंबर

तालमीतल्या पोरांच्या बहिणी मॅटवर सराव करतात, तालुक्याच्या क्रीडा संकुलात. त्यातल्या दोघी आज संग्रहालय बघायला आल्या. मोठ्या वर्गात फिरून एकीनं विचारलं, "आमचं काय आहे इथं?"

काहीच नव्हतं. तिथल्या तिथे कबूल केलं.

एक पाटी कुस्तीगीर हमीदा बानूंची: १९५४ ला बडोद्यात बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. एक साक्षी मलिकची: रिओ २०१६, कांस्य, ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. पण दूरच्या नावांवर भागवायचं नाही. त्या दोघींकडेच मागितलं. एकीनं झिजलेले कुस्तीचे बूट दिले. उजव्या बुटाचा आतला काठ मॅटवर घासून घासून कापडापर्यंत गेलाय. दुसरा अजून नवा वाटावा असा. ती उजव्या पायावर जोर देऊन आत शिरते, हे बुटानं सांगितलं. तिला विचारलं तर म्हणाली, "हो, पटात शिरताना. पण तुम्हाला कसं कळलं?"

नोंद केली. न पुसता.

१६ सप्टेंबर

जोडीचा विचार डोक्यातून जात नव्हता. आज सुतारकाकांना घेऊन तालमीत गेले. वस्तादांसमोर बोलणं मांडलं: जुन्या जोडीबरहुकूम दोन नव्या जोड्या घडवायच्या. एक तालमीला कायमची. एक संग्रहालयात, येणाऱ्यांनी उचलून बघायला. जुनी जोडी वर्षभर उसनी, कागद करून, परतीची तारीख घालून. मालकी तालमीचीच.

वस्ताद बराच वेळ गप्प होते. मग जोडीतल्या डावीवरची तांब्याची पट्टी बोटानं चाचपून म्हणाले, "ही चीर माझ्या हातनं पडली. सोळा वर्साचा हुतो. दगडावर आपटली." एवढंच. थोड्या वेळानं सुतारकाकांना म्हणाले, "लाकूड वाळलेलं घ्या. वलं घेतलं तर वर्सात पिळा पडंल."

होकार त्यातच होता.

३ ऑक्टोबर

सुतारकाकांकडे. बाभळीचे वाळलेले ओंडके, लेथवर. जुन्या जोडीची मापं पुठ्ठ्यावर घेऊन साचा कापला आहे: तळाशी घेर, पोटाला घेर, मानेशी बारीक. मुठीपाशी काका थांबले आणि विचारलं, झीजसुद्धा कोरू का? हुबेहूब दिसेल.

नको म्हटलं. नवी मूठ गोल, सारखीच असू दे. हातानं फिरवून न झालेली झीज खोटी दिसेल, आणि नव्या-जुन्यातला फरकच तर दाखवायचा आहे.

२२ ऑक्टोबर

मोठ्या वर्गाची मांडणी बदलली. मधला चौथरा गदेसाठी ठरला होता. तिथे आता जोडी. गदा उत्तरेच्या भिंतीला, वहीच्या पानासोबत. सूनबाईंना आधी फोन करून सांगितलं, त्यांना कुणा दुसऱ्याकडून कळायला नको होतं. त्यांनी वहीत मामंजींचं नाव कुठे आहे ते विचारलं. हौदा खणणाऱ्यांत, म्हटलं. "ते सांगायचे बघा," म्हणाल्या, "चार महिने नुसती मातीच खणली म्हणून. आम्हाला वाटायचं गंमत करतायत."

हे वाक्य त्यांची परवानगी घेऊन पाटीवर घातलं.

जोडीच्या चौथऱ्यावर दिवा वरून न लावता बाजूनं, खालच्या अंगाला लावला. वरच्या उजेडात मूठ सपाट दिसते. बाजूच्या उजेडात अंगठ्याची वाटी सावलीनं भरते.

९ नोव्हेंबर

उघडण्याच्या आदल्या दिवशी वस्ताद आले, पोरांना घेऊन. चपला दाराशी काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. चौथऱ्यापाशी उभे राहिले. काचेला हात लावला नाही. पाटी एका पोराला मोठ्यानं वाचायला सांगितली. त्यात 'चीर: सुमारे साठ वर्षांपूर्वी, सरावात' असं आहे. ऐकून मान हलवली.

मग शेजारची नवी जोडी उचलली. दोन फेर घेतले, तिसऱ्याला थांबले. "हाताला आली न्हाई अजून." खाली ठेवली ती थेट न टेकवता, आधी काठावर, मग सावकाश. पोरांपैकी सर्वांत धाकट्याला पुढे बोलावलं आणि त्याचे दोन्ही हात मुठींवर धरून बसवले.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं: नवी जोडी, वापरासाठी. वर्षातून एकदा मुठीचा घेर मोजायचा. आजचं माप: उजवी ११.२ सेंमी, डावी ११.२ सेंमी.